कीटकांची सोंगे

प्रास्ताविक

बहुरूपी तुम्ही पाहिला असेल. निदान घरातील वडीलधाऱ्यांकडून त्याच्याविषयी ऐकले तरी असेल. कधी पोलीस, कधी साधू, कधी वसुलीला आलेला सावकार अशी सोंगे घेऊन तो दारी येई, घरच्यांना क्षणभर चकवी आणि मग हसत हसत बिदागी मागे. आपण सोंग घेतले आहे हे बहुरूप्याला ठाऊक असते. समोरचा माणूस कोणाला घाबरतो, हेही तो नेमके जाणतो.

आता कण्हेरीच्या किंवा तगरीच्या झुडपावर वाढणारी, बोटाएवढी जाड हिरवी अळी पाहा. तिला डिवचले की ती डोके आत ओढून घेते, मान वाकवावी तसा शरीराचा पुढचा भाग वाकवते आणि तिच्या अंगावर दोन टपोरे, निळसर-पांढरे, काळ्या कडेचे डोळे एकाएकी उघडल्यासारखे दिसतात. पुढे केलेला हात आपण नकळत मागे घेतो. वास्तविक ते डोळे नव्हेतच. ते कातडीवरचे ठिपके आहेत. अळीचे खरे डोळे म्हणजे तिच्या डोक्यावरचे बारीक बिंदू. त्यांनी तिला प्रकाश आणि काळोख यांच्या पलीकडे फारसे काही कळत नाही. तिने साप पाहिलेला नाही, आरसा पाहिलेला नाही, पक्ष्याला कशाची भीती वाटते याची तिला कल्पना असणे शक्य नाही. मग हे सोंग तिच्या अंगावर चढवले कोणी?

एका प्राण्याचे दुसऱ्या प्राण्याशी असे फसवे साम्य असते त्याला जीवशास्त्रात ‘अनुकृती’ म्हणतात. या पाठाच्या अभ्यासानंतर अनुकृती कशी निर्माण होते हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल, शिकून आलेली टाळाटाळ आणि उपजत भीती यांतील फरक ओळखू शकाल, तसेच एखाद्या प्रश्नाचा निवाडा प्रयोगाने कसा केला जातो हे उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल.

अ‍ॅमेझॉनच्या काठी अकरा वर्षे

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रथम केला तो हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने. १८२५ साली लेस्टर येथे जन्मलेला बेट्स कोणत्याही विद्यापीठात शिकला नव्हता. कोवळ्या वयातच त्याची शाळा सुटली आणि तो मोजे-बनियनांच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागला. दिवसभराचे काम आटोपल्यावर कामगारांसाठी चालवलेल्या संस्थेच्या ग्रंथालयात वाचन करावे आणि सवड मिळेल तेव्हा गावाजवळच्या रानात भुंगेरे गोळा करावेत, असा त्याचा क्रम होता. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हा शिक्षणक्रम अनोळखी वाटू नये.

१८४८ मध्ये बेट्स आणि त्याचा मित्र आल्फ्रेड रसेल वॉलेस हे दोघे दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात गेले. गोळा केलेले नमुने इंग्लंडमधील संग्राहकांना विकून खर्च भागवायचा, एवढाच त्यांचा आधार. वॉलेस १८५२ मध्ये परतला; बेट्स मात्र १८५९ पर्यंत तेथेच राहिला. या अकरा वर्षांत त्याने चौदा हजारांहून अधिक जातींचे प्राणी जमवले. त्यांत बहुसंख्य कीटक होते आणि सुमारे आठ हजार जाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या.

संग्रहातील फुलपाखरांची वर्गवारी करताना एक विलक्षण गोष्ट त्याच्या ध्यानात आली. लांबट पंखांची, भडक रंगांची, संथपणे उडणारी काही फुलपाखरे त्या जंगलात थव्याथव्यांनी आढळत. इतकी ठळक आणि इतकी मंद असूनही पक्षी त्यांच्या वाटेला जात नसत. ती बेचव असावीत, असे अनुमान बेट्सने केले. परंतु त्याच थव्यांत क्वचित एखादे असे फुलपाखरू सापडे की ज्याचे पंख हुबेहूब इतरांसारखे, पण शरीराची रचना पाहिली तर ते निराळ्याच कुळातले. त्याचे बहुतेक भाऊबंद पांढरे किंवा पिवळे असत. नदीच्या काठाने प्रवास करीत गेल्यावर बेचव फुलपाखरांचे रंग प्रदेशागणिक बदलत आणि त्यांच्यात मिसळणाऱ्या या तोतयांचे रंगही त्यांच्याबरोबर बदलत. हवामान सारखे असल्यामुळे दोघे सारखे दिसतात, असे म्हणून हा प्रकार उलगडण्यासारखा नव्हता.

चार्ल्स डार्विनचा नैसर्गिक निवडीवरील ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. बेट्सने आपला निबंध १८६१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचला आणि पुढच्या वर्षी तो छापला गेला. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा : कोणत्याही जातीत पिढीगणिक लहानसहान फरक असतात. ज्यांचा रंग योगायोगाने बेचव फुलपाखराच्या रंगाकडे झुकला ती पक्ष्यांच्या नजरेतून किंचित अधिक निसटली. बाकीची अधिक प्रमाणात खाल्ली गेली. निसटलेल्यांची संतती वाढली, तिच्यातही पुन्हा निवड झाली. म्हणजे चित्र रंगवले पक्ष्यांनी. त्यांनी ते रंग लावून नव्हे, तर चुकीचे चित्र पुसून टाकून रंगवले.

याच निबंधात बेट्सने एका अळीचे वर्णन केले आहे. एके दिवशी तो एका झाडाची पाने निरखीत असता पानांच्या दाटीतून एक मोठी अळी बाहेर झेपावली आणि तो दचकला, कारण तिचा आकार लहानशा सापासारखा होता. शरीराची पुढची तीन वलये ती हवी तेव्हा फुगवू शके आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस बाहुलीसकट डोळ्यासारखा एकेक मोठा काळा ठिपका होता. हे साम्य बिनविषारी सापाशी नसून विषारी सापाशी होते, हेही त्याने नोंदवले आहे. ती अळी घेऊन तो मुक्कामाच्या खेड्यात गेला तेव्हा ज्यांना ज्यांना ती दाखवली ते सारे घाबरले.

भाषेचा सापळा

येथे थोडे थांबून आपल्या शब्दांकडे पाहू. ‘अळी सापाचे सोंग घेते’, ‘फुलपाखरू नक्कल करते’ अशी वाक्ये आपण सहज बोलतो. या पाठाचे शीर्षकही त्याच वळणाचे आहे. ‘घेणे’ आणि ‘करणे’ या क्रियापदांना कर्ता लागतो, आणि कर्ता म्हटला की हेतू आला. त्यामुळे अळीने मनाशी बेत केला असावा, असा भास वाक्याच्या रचनेतूनच उत्पन्न होतो. शास्त्राला अभिप्रेत असलेले वाक्य याहून रुक्ष आहे : ‘ज्या अळ्या सापासारख्या दिसत नव्हत्या त्यांपैकी अधिक अळ्या खाल्ल्या गेल्या.’ यात अळीकडे कर्तृत्व नाही. सोयीसाठी आपण सोंग हा शब्द वापरू. पण अर्थ या दुसऱ्या वाक्याचा घेऊ.

पाठगत प्रश्न १
(अ) तोतया फुलपाखरांचे रंग प्रदेशागणिक बदलतात, या निरीक्षणाने बेट्सच्या युक्तिवादाला बळकटी कशी मिळते?
(आ) ‘चुकीचे चित्र पुसून टाकून रंगवले’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

एक जात, तीन वेश

बेट्सला अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात जे दिसले त्याचे उत्तम उदाहरण भारतात घराच्या अंगणातही पाहता येते. कढीपत्ता व लिंबू यांच्या पानांवर वाढणारे ‘कॉमन मॉर्मन’ नावाचे काळे फुलपाखरू आपल्याकडे सर्वदूर आढळते. नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग असते. मादी मात्र तीन प्रकारची असते. एक नरासारखीच. दुसरी ‘कॉमन रोझ’ या फुलपाखरासारखी आणि तिसरी ‘क्रिमझन रोझ’ या फुलपाखरासारखी. ही दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरे सापसंद अथवा ईश्वरी या वेलीच्या कुळातील वनस्पतींवर वाढतात आणि त्यांतील विषारी द्रव्ये अंगात साठवतात. त्यामुळे पक्षी त्यांना टाळतात. या तीन वेशांतील माद्या एकाच जातीच्या आहेत, हे वॉलेसने १८६५ मध्ये दाखवून दिले. एका नराच्या अनेक ‘बायका’ पाहून बहुपत्नीत्वासाठी त्या काळी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे नाव या फुलपाखराला पडले. या नामकरणातील विनोद आता जुना झाला आहे. नाव मात्र टिकले आहे.

ज्या भागात ही ‘रोझ’ फुलपाखरे नाहीत तेथे नरासारखी दिसणारी मादीच प्रामुख्याने आढळते. हिमाचल प्रदेशातील सिमल्याचा परिसर हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. असली नाणे चलनात नसेल तर खोटे नाणे कोण घेणार?

मग एकाच मादीच्या पोटी निरनिराळ्या वेशांच्या मुली कशा जन्मतात, आणि दोन वेशांचे मिश्रण होऊन धड ना हा, धड ना तो असे रूप का तयार होत नाही? याचे उत्तर २०१४ मध्ये मिळाले. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, या साऱ्या बदलाची किल्ली ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकात आहे. कीटकांमध्ये नर-मादीचा भेद घडवणारे हे जुनेच जनुक. मॉर्मनमध्ये त्याच्या भोवतालचा गुणसूत्राचा तुकडा उलटा बसला आहे. उलट्या तुकड्याची जोडीदार गुणसूत्राशी सरमिसळ होत नाही, म्हणून वेशाचा संपूर्ण आराखडा एकसंध गठ्ठ्याच्या रूपाने पुढच्या पिढीत जातो.

तोतयांची संख्या वाढत गेली तर? जेन ब्राऊर या संशोधिकेने १९६० मध्ये याची परीक्षा केली. मीलवर्म नावाच्या अळ्यांवर हिरवा पट्टा रंगवून त्यांतील काही तिने कडू क्विनीनमध्ये बुडवल्या, काही नुसत्या पाण्यात. आणि त्या स्टारलिंग पक्ष्यांपुढे ठेवल्या. पाण्यात बुडवलेल्या तोतया अळ्या निम्म्याहून अधिक असतानाही पक्षी त्यांना बऱ्याच अंशी टाळत राहिले. मात्र दहांपैकी नऊ तोतया झाल्या तेव्हा हे संरक्षण बहुतांशी कोसळले.

शिकायला सवड नसते तेव्हा

आतापर्यंतच्या उदाहरणांत पक्षी अनुभवाने शिकतो. एकदा कडू घास घेतला, थुंकला, लक्षात ठेवला. सापाच्या बाबतीत अशी शिकवणी चालत नाही. पहिलीच चूक शेवटची ठरू शकते. म्हणून येथे अनुभवापेक्षा उपजत भीतीचे महत्त्व मोठे.

ही भीती उपजत असते याचा पुरावा सुझन स्मिथ हिने १९७५ मध्ये दिला. मध्य अमेरिकेतील मॉटमॉट नावाच्या पक्ष्यांची पिल्ले तिने माणसाच्या हाती वाढवली. त्यांनी साप कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्यापुढे रंगवलेल्या लाकडी कांड्या ठेवल्या. हिरव्या-निळ्या वलयांच्या कांडीवर ती बेधडक चोच मारीत. पण विषारी प्रवाळसर्पासारख्या पिवळ्या-तांबड्या वलयांच्या कांडीपासून दूर पळत.

पक्ष्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. पानांच्या काळोखात दोन गोल डोळे चमकले. ते अळीचे असूनही पळ काढला तर नुकसान एका घासाचे. सापाचे असूनही थांबला तर नुकसान प्राणाचे. नीट निरखून खात्री करून घेणारे पक्षी सापाच्या तोंडी जाण्याचा संभव अधिक. आधी दचकणारे वंश चालवतात. डॅनियल जॅन्झन व त्याच्या सहकाऱ्यांनी कोस्टारिकाच्या जंगलांतील खोट्या डोळ्यांच्या शेकडो अळ्या व कोश यांचा विचार करून २०१० मध्ये असेच मत मांडले : ही चित्रे कोणा एका विशिष्ट सापाची हुबेहूब प्रतिकृती असण्याची गरजच नाही. दचकणाऱ्या प्रेक्षकापुढे ढोबळ चित्रही पुरते.

प्रौढ फुलपाखरांतही हीच युक्ती दिसते. युरोपातील ‘पिकॉक’ फुलपाखरू पंख मिटून बसले की वाळलेल्या पानासारखे असते. पक्षी जवळ येताच ते पंख फटकन उघडते. चार मोठे डोळे दिसतात आणि पंखांच्या घर्षणाने फिसफिस आवाजही होतो. आद्रियान वॅलिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही फुलपाखरे ब्लू टिट पक्ष्यांच्या स्वाधीन केली. काहींच्या पंखांवरील डोळे रंगाने झाकले होते. डोळे शाबूत असलेल्या ३४ पैकी एकच मारले गेले. डोळे झाकलेल्या २० पैकी १३ मारली गेली. मारलेली फुलपाखरे पक्ष्यांनी खाऊनही टाकली. म्हणजे ती बेचव नव्हती. त्यांच्यामागे विषाचे पाठबळ नव्हते. केवळ दचकवण्यावर त्यांचा जीव तगला होता.

अर्धवट डोळ्याचा उपयोग काय?

या सिद्धांतावर एक आक्षेप फार दिवसांपासून घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. बाहुली, तिच्यातील चकाकीचा पांढरा बिंदू, भोवतीचे कडे असा पूर्ण डोळा पक्ष्याला भिववील हे मान्य. पण निवड टप्प्याटप्प्याने होते ना? मग पहिल्या टप्प्यावर, नुसता एक अस्पष्ट डाग असताना त्याचा फायदा काय?

१९५७ मध्ये डेव्हिड ब्लेस्ट याने एक साधी पेटी तयार केली. पक्षी वरती ठेवलेल्या अळीवर चोच मारण्यासाठी उतरला की अळीच्या दोन्ही बाजूंस खालून प्रकाशाने एखादी आकृती उमटे. फुलीसारख्या आकृतींपेक्षा वर्तुळांनी पक्षी अधिक दचकत आणि वर्तुळ जितके डोळ्याच्या जवळ जाई तितके ते अधिक. परंतु महत्त्वाचे हे की साध्या आकृत्याही अगदीच निष्फळ नव्हत्या.

मार्टिन स्टीव्हन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आणखी पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी कागदाचे त्रिकोणी ‘पतंग’ करून, त्यांना अळी टोचून, इंग्लंडमधील झाडांवर लावले. काहींवर डोळ्यासारखी वर्तुळे, काहींवर तितकेच ठळक चौकोन वा पट्टे. दोन्ही प्रकार जवळजवळ सारखेच टिकले. निष्कर्ष असा की, पक्ष्याला अडवतो तो ठळकपणा. त्याला ‘डोळा’ म्हणणे ही माणसाची कल्पना.

२०१५ मध्ये फिनलंडच्या युव्हास्क्युला विद्यापीठातील सेबास्तियानो दे बोना व सहकाऱ्यांनी याला उत्तर दिले. ग्रेट टिट पक्षी मीलवर्म टिपायला येताच त्यांच्यापुढे संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटे : कधी मोठ्या डोळ्यांचे ‘घुबड फुलपाखरू’, कधी त्याच फुलपाखराचे डोळे पुसलेले किंवा तितकेच ठळक पण डोळ्यासारखे न दिसणारे चित्र, कधी खरे घुबड. डोळ्यांच्या फुलपाखराला पक्षी उघड्या डोळ्यांच्या घुबडाइतकेच बिचकले. केवळ ठळक असलेल्या चित्राचा धाक त्यामानाने कमी पडला.

या दोन निष्कर्षांपैकी एक खरा आणि दुसरा खोटा, असे मानण्याचे कारण नाही. कागदाचा पतंग हलत नाही. पक्षी त्याला दुरून, सवडीने पाहतो. पडद्यावरचे चित्र समोर एकाएकी उभे राहते. शिवाय हे दोन प्रयोग एकत्र वाचले तर आक्षेपाचे उत्तरही हाती लागते. पहिला ओबडधोबड डाग केवळ ठळक असल्यामुळे उपयोगी पडला असणार. त्याला गोलाई आली, बाहुली आली, तसतसे त्याचे काम वाढत गेले असणार. आणि डाग गोल होण्यास निसर्गाला फार खटपटही करावी लागत नाही. फ्रेडरिक नायहाउट याने १९८० मध्ये कोशातील फुलपाखराच्या पंखावरील, ठिपक्याच्या मध्याशी असलेल्या पेशी उचलून दुसऱ्या जागी बसवल्या. तेथे नवा नेत्रठिपका उमटला. मधल्या पेशींपासून संदेश सर्व बाजूंस पसरतो. तळ्यात खडा टाकल्यावर तरंग जसे गोलच उठतात, तशी कडीही गोलच तयार होतात.

प्रत्येक ठिपका भिवविण्यासाठीच असतो असेही नाही. आपल्याकडे संध्याकाळी दिव्याच्या आसपास येणारे ‘कॉमन ईव्हनिंग ब्राउन’ हे तपकिरी फुलपाखरू पाहा. पावसाळी पिढीच्या पंखांच्या कडेला बारीक डोळ्यांची रांग असते, तर कोरड्या ऋतूतील पिढी थेट वाळलेल्या पानासारखी होते व ते डोळे जवळजवळ नाहीसे होतात. कडेचे असे छोटे ठिपके चोचीचा रोख शरीरावरून पंखाच्या टोकाकडे वळवतात, असे अभ्यासक मानतात. पंखाचा तुकडा गेला तरी फुलपाखरू उडत राहते.

पाठगत प्रश्न २
(अ) कडू अळीला टाळणे आणि सापाला घाबरणे यांत पक्ष्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
(आ) पिकॉक फुलपाखरावरील प्रयोगात मारलेली फुलपाखरे पक्ष्यांनी खाल्ली, ही नोंद का महत्त्वाची ठरते?

स्वाध्याय

१. ‘ढोबळ चित्रही पुरते’ या विधानाचा जॅन्झन यांच्या मताच्या आधारे खुलासा करा.
२. स्टीव्हन्स आणि दे बोना यांच्या प्रयोगांच्या मांडणीत कोणते फरक आहेत? तुम्हाला तिसरा प्रयोग करावयाचा असल्यास तो कसा कराल, ते दहा-बारा ओळींत लिहा.
३. पुढील वाक्ये हेतू सूचित न करता पुन्हा लिहा : (क) फुलपाखराने पक्ष्याला फसवण्यासाठी पंखांवर डोळे काढले. (ख) अळीने सापाचे रूप धारण केले.
४. उपक्रम : कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावरील अळी शोधा. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी, पांढुरकी-तपकिरी दिसते. मोठी झाल्यावर हिरवी होते. मोठ्या अळीला गवताच्या काडीने हळूच स्पर्श करा. डोक्यामागून दुभंगलेल्या जिभेसारखा तांबडा अवयव बाहेर येईल आणि उग्र वास सुटेल. अळीला इजा न करता तिच्यातील बदलांची रोजची नोंद, तारखेसह, वहीत ठेवा.